शेक, करंट आणि टक्केवारी: जखमी कामगाराला कामावर परत आणायचं कुणी?

समजा, तुमच्या घरातल्या कुणाचा हात कामावर असताना मशीनमध्ये आला. मुरबाड एमआयडीसीतला प्रेस असेल, आटगावच्या कारखान्यातला रोलर असेल, नाहीतर भिवंडीच्या गोदामात अंगावर पडलेला माल. पहिल्या तासात काय करायचं हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायचं, ती पिशवी बर्फावर ठेवायची (बोट थेट बर्फात टाकायचं नाही) आणि मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे शिरा जोडतात, हाडात तार घालतात, टाके पडतात. आठवडाभराने माणूस घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ असते: ‘फिजिओथेरपी करा.’

कुठे करायची? किती दिवस? कुणाकडून? त्यातून हातात काय परत आलं पाहिजे? आणि माणूस पुन्हा कामावर जाईपर्यंत त्याच्या मागे कोण राहणार? यातलं काहीही त्या ओळीत नसतं. शेणवा, किन्हवली, डोळखांब, मुरबाड या पट्ट्यातून कामाला जाणारा माणूस याच ठिकाणी हरवतो. आपल्याकडे शस्त्रक्रियेला नियम आहेत, नुकसानभरपाईला कायदा आहे; पण मधल्या टप्प्याला, म्हणजे माणूस बरा होऊन कामावर परत जाण्याच्या टप्प्याला, वालीच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हे काम जो कुणी करेल, त्याच्यासाठी एकच, सगळीकडे सारखं लागू होणारं मान्यता-मानक हवं. आणि ते कागदावरच्या खाटा मोजणारं नको. माणूस कामावर परतला की नाही, हे मोजणारं हवं.

पुनर्वसन म्हणजे नेमकं काय?

शहापूर तालुक्यात ‘पुनर्वसन’ म्हटलं की लोकांना भातसा धरण आणि त्यात गेलेल्या जमिनी आठवतात. ‘रिहॅब’ म्हटलं की दारू सोडवणारं केंद्र आठवतं. इथे बोलायचं आहे ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल: कामावर जखमी झालेल्या माणसाला त्याच्या कामासाठी पुन्हा तयार करणं.

त्यात वैद्यकीय भाग काय असतो, ते एका उदाहरणाने पाहू. बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, कापली गेली आणि ती शस्त्रक्रियेने जोडली. आता ही दोरी भरून येताना आजूबाजूच्या मांसाला चिकटू पाहते. हात नुसता पट्टीत बांधून ठेवला, तर ती चिकटते आणि बोट कायमचं आखडतं. उलट घाईने जोर लावला, कुणी तेल लावून बोट ओढलं, तर जोड तुटतो. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद असते. पहिले काही आठवडे विशिष्ट कोनात बसवलेला स्प्लिंट आणि त्यात ठरलेल्या मापाची हालचाल, साधारण सहा आठवड्यांनंतर हळूहळू मोकळी हालचाल, आणि जड वजन उचलायचं ते साधारण तीन महिन्यांनंतर. प्रत्येक टप्प्यावर हात तपासून पुढचं पाऊल ठरवायला हातावर काम करणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? रुग्णाला विचारलं, ‘फिजिओथेरपीत काय केलं?’ की उत्तर येतं, ‘शेक दिला, करंट दिला.’ किती दिवस? ‘दहा दिवसांचं पॅकेज होतं.’ शेक आणि करंट वाईट नाहीत. त्यांनी दुखणं थोडं कमी होतं. पण यंत्राला हात लावून पडून राहिल्याने मूठ वळत नाही. मूठ वळते ती रोज, थोडी थोडी, दुखलं तरी योग्य मापात हलवल्याने. आणि मूठ वळली तरी काम संपत नाही. या हाताला विळा धरता येईल का? आवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून रोपाची मूठ सुटी करता येईल का? प्रेसवर मिनिटाला किती पत्रे सरकवावे लागतात, आणि तेवढा वेग या हाताला झेपेल का? हे तपासायला कुणीतरी ते काम, ती जागा, ते मशीन स्वतः पाहायला हवं. कामाच्या ठिकाणचं पुनर्वसन म्हणतात ते यालाच. आजवर माझ्यासमोर आलेल्या कागदांत असं कुणी कारखान्यात जाऊन पाहिल्याची नोंद जवळजवळ सापडत नाही.

टक्केवारीचा हिशोब

आपली व्यवस्था मोजते काय, ते पाहा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली, तरी तक्त्यावरून टक्के ठरवण्याची रीत तीच राहिली.

१९२३ च्या कायद्याच्या सूत्राने हिशोब करून पाहू. वय ३० वर्षं, हिशोबात धरलेला पगार १५ हजार रुपये. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. त्या वयाचा गुणक २०७.९८, त्यातून अंगठ्याचे ३० टक्के. भरपाई येते सुमारे ५ लाख ६१ हजार रुपये. तर्जनीची येते सुमारे २ लाख ६२ हजार. भांडून, वकील करून, दोन-चार वर्षांनी ही रक्कम हातात पडते, आणि कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटतं. त्या तिशीच्या माणसापुढे कामाची आणखी तीस वर्षं असतात. त्या तीस वर्षांचा विचार या हिशोबात कुठेच नाही.

न्यायालयाला मात्र हा विचार सुचला होता. डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या एका सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तक्त्याप्रमाणे त्याचं नुकसान शंभर टक्क्यांपेक्षा कमी बसत होतं. १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने निकाल दिला की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची क्षमता पूर्ण गेली. म्हणजे मोजायचं ते काम, नुसता हात नव्हे. पन्नास वर्षं झाली. भरपाईच्या खटल्यांत वकील या निकालाचा दाखला देतात. पण त्याच तर्काचं पुढचं पाऊल, ‘मग या माणसाला दुसरं कोणतं काम करता येईल, आणि ते शिकवायचं कुणी?’, ते कुणावरही बंधनकारक झालं नाही.

एकच बोट, चार दारं

आता समजा, चार माणसांचं एकच बोट सारखंच तुटलं.

पहिला कारखान्यात कायम आहे, पगार २१ हजारांच्या आत, म्हणून ईएसआयसीत त्याचं नाव आहे. त्याला उपचार मिळतात, कामावर जाता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि कागदोपत्री शारीरिक व व्यावसायिक पुनर्वसनाचीही तरतूद आहे.

दुसरा त्याच मशीनवर ठेकेदारामार्फत आहे आणि ठेकेदाराने त्याचं नाव कुठेच भरलेलं नाही. त्याला नुकसानभरपाईचा दावा करावा लागतो. विमा कंपनी असली तर ती टक्के विचारते. पुनर्वसनाचं विचारत नाही.

तिसरा बांधकामावर आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी चालू असेल तर मंडळाकडे अर्ज करायचा, तोही निकषात बसलं तर.

चौथा वीटभट्टीवर आहे. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबासकट गेलेला. कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, पण त्याच्याकडे हजेरीचा कागदही नसतो.

चौघांचं शरीर सारखंच भरून येतं. टेंडनला ईएसआयसी कळत नाही. तरीही कुणाला स्प्लिंट मिळेल, कुणाला करंट आणि कुणाला काहीच नाही, हे पैसे कोण देणार यावर ठरतं. ‘एकसमान मानक’ हा शब्द कोरडा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की चारही दारांतून आत आलेल्या माणसाला सारख्याच दर्जाची सेवा मिळाली पाहिजे.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे आपल्याच तालुक्यात, सरळांब्याजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाचं गर्डर लाँचर कोसळलं आणि २० कामगार मेले. तो आकडा देशभर छापला गेला. अशा अपघातांत जे जखमी होऊन वाचतात, ते सहा महिन्यांनी, वर्षाने काय करत असतात, कामावर आहेत की गावी बसून आहेत, हे मोजण्याचं काम मात्र आपण कुणालाच दिलेलं नाही.

पाटी कुणीही लावू शकतो

‘मग नियम नाहीतच का?’ आहेत. भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. कृत्रिम अवयव बसवणारे, वाचा-उपचार करणारे अशा व्यावसायिकांची नोंदणी त्या परिषदेकडे होते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००२ चा आहे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचाही कायदा झाला. पण या सगळ्यांत नोंद होते ती माणसाची. त्याने पदवी घेतली आहे, एवढं ती सांगते. तो ज्या केंद्रात बसतो ते केंद्र काय करतं, किती जणांना कामावर परत पाठवतं, हे कुणी तपासत नाही.

खाटा असलेल्या रुग्णालयाला १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी लागते. गाळ्यात दोन यंत्रं ठेवून चालवलेलं ‘रिहॅब सेंटर’ त्यात सहसा येत नाही. एनएबीएच ही रुग्णालयांच्या दर्जाची मान्यता चांगली आहे, पण मुळात ऐच्छिक, आणि तिची नजर रुग्णालयाच्या भिंतींच्या आत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकराला मोठं संरक्षण दिलं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या जागी त्याच पगारावर ठेवावं लागतं. खाजगी कारखान्यातल्या प्रेस ऑपरेटरला ते कलम लागू नाही.

याचा परिणाम रुग्णाला भोगावा लागतो. एकाच हाताबद्दल एक केंद्र ‘कामास योग्य’ लिहून देतं, दुसरं ‘सहा महिने विश्रांती’. कधी कंपनीनेच नेमलेलं केंद्र तिसऱ्या आठवड्यात ‘फिट’चा शेरा मारतं आणि माणूस त्याच मशीनवर उभा राहतो. कधी उलट, दावा मोठा दिसावा म्हणून हात हलवूच नको असा सल्ला मिळतो आणि वर्षभराने हात खरोखरच निकामी होतो. दोन्हीकडे सही असते, शिक्का असतो. सहीच्या मागे कोणती तपासणी असायला हवी, याचं माप मात्र नसतं.

दुसऱ्यांनी काय केलं?

ऑस्ट्रेलियातही राज्याराज्यांत वेगवेगळे नियम होते. २०१० मध्ये तिथल्या कामगार भरपाई यंत्रणांनी मिळून कामाच्या ठिकाणच्या पुनर्वसनासाठी देशभर एकसारखी मान्यतेची चौकट आणली. सेवा देणाऱ्याकडे कोणत्या पात्रतेची माणसं हवीत, काम कसं करायचं, निकाल कसे दाखवायचे, हे त्यात ठरलं. तिथे क्रमही पक्का आहे: आधी त्याच मालकाकडे तेच काम, ते जमत नसेल तर त्याच मालकाकडे दुसरं काम, तेही नसेल तर दुसरीकडे.

घाई कशासाठी, हेही तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यांच्या निवेदनातले आकडे असे: २० दिवस कामाबाहेर राहिलेल्याची परतण्याची शक्यता ७० टक्के, ४५ दिवसांनी ५० टक्के, ७० दिवसांनी ३५ टक्के. मोठी इजा झालेलेच जास्त दिवस घरी राहतात, हे यात धरलंच पाहिजे. शिवाय तो देश वेगळा, कामं वेगळी. तरी दिशा आपल्यालाही ओळखीची आहे. घरी बसलेल्या माणसाचा हात जसा आखडतो, तसं मनही आखडतं. कर्ज वाढतं, झोप जाते, बाटली जवळ येते.

जर्मनीत १८८४ पासून कामगार अपघात विमा आहे. तिथे उपचार, पुनर्वसन आणि पेन्शन या तिन्हींचा खर्च एकाच संस्थेच्या खिशातून जातो. त्यामुळे ‘आधी पुनर्वसन, मग पेन्शन’ हे तत्त्व तिला परवडतं: माणूस कामावर परतला तर पेन्शनचा पैसा वाचतो. आपल्याकडे भरपाई देणाऱ्याला टक्के मोजून मोकळं व्हायचं असतं. माणूस परतला काय, न परतला काय, त्याच्या हिशोबात फरक पडत नाही. म्हणूनच मानक बाहेरून लावावं लागेल.

मानकात काय हवं?

• माणसं: परिषदेकडे नोंदणी असलेले थेरपिस्ट, आणि प्रत्येक जखमी कामगारामागे नावानिशी जबाबदार एक समन्वयक.
• वेळ: पहिली भेट टाके निघण्याआधी. दावा मंजूर होण्याची वाट पाहायची नाही.
• कामाची पाहणी: कामाची जागा आणि मशीन प्रत्यक्ष पाहून केलेली लेखी योजना, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवलेली.
• स्वातंत्र्य: पैसे मालक देवो की विमा कंपनी, ‘योग्य-अयोग्य’ ठरवण्यात त्यांचा हात नको. केंद्र निवडण्याचा आणि दुसरं मत घेण्याचा हक्क कामगाराला.
• निकाल: तीन महिन्यांनी आणि एका वर्षाने तो कामावर आहे का, कोणत्या कामावर, किती पगारावर, याची नोंद, आणि प्रत्येक केंद्राचे हे आकडे लोकांसमोर उघडे.
• एकच यादी: ईएसआयसी, विमा कंपन्या, कल्याणकारी मंडळं, सगळ्यांनी याच यादीतल्या केंद्रांना पैसे द्यायचे. मान्यता गेली की पैसे बंद.

‘पण डॉक्टर...’

‘खेड्यात केंद्रंच नाहीत; नियम लावले तर आहेत तीही बंद पडतील.’ ही शंका खरी आहे. आज शेणव्याच्या माणसाला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत जायचं तर आधी आसनगाव गाठायचं, मग लोकलने दादर, तिथे गाडी बदलून महालक्ष्मी. सकाळी निघालेला रात्री परत, आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडालेली. १९५५ पासूनची ही संस्था उत्तम आहे, पण आठवड्यातून तीनदा तिथे कोण जाऊ शकेल? म्हणूनच मानक इमारतीचं नको, कामाचं हवं. स्प्लिंट बनवायला लिफ्ट आणि वातानुकूलित हॉल लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयातली एक खोली, एक थेरपिस्ट, आठवड्याचा एक फिरता दिवस आणि मोठ्या संस्थेशी फोनवरचा सल्ला, एवढ्यावरही हे निकष पाळता येतील. आणि मान्यताप्राप्त केंद्राला ठरलेले पैसे वेळेवर मिळणार असतील, तर शहापूर-मुरबाडमध्ये असं केंद्र चालवायला माणसं पुढे येतील. आज ती येत नाहीत, कारण नीट काम करणाऱ्याला आणि नुसता शेक देणाऱ्याला तेच पैसे मिळतात.

‘आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक चिरीमिरी.’ हीही भीती अनुभवातूनच आलेली आहे. तपासनीस येतो, रजिस्टर पाहतो, चहा घेतो, जातो. म्हणून तर माझा भर निकालाच्या आकड्यावर आहे. रजिस्टर सजवता येतं. पण शंभरातले किती कामावर परतले हा आकडा कामगाराला फोन करून पडताळता येतो.

‘मालकाला हा खर्च कसा झेपणार?’ छोट्या वर्कशॉपवाल्याला एकट्याला तो झेपणार नाही, हे मान्य. पण विम्याची कल्पना त्यासाठीच आहे: सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं. ईएसआयसीत आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतोच. त्या पैशांतून काय विकत घेतलं जातं, हे विचारण्याचा हक्क दोघांनाही आहे.

तोवर तुम्ही काय करायचं?

मानक यायचं तेव्हा येईल. जखमी हात तोवर थांबणार नाही.

१. अपघाताची नोंद त्याच दिवशी लेखी करून घ्या. ईएसआयसी क्रमांक, हजेरीचा पुरावा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळ्याच्या प्रती घरी ठेवा.

२. रुग्णालयातून निघण्याआधी सर्जनला विचारा: हालचाल कोणत्या तारखेपासून, कोणती, आणि काय करायचं नाही? उत्तर कार्डावर लिहून घ्या.

३. थेरपिस्टकडे गेल्यावर परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोच नको. नोंदणी असलेला माणूस रागावत नाही.

४. पहिल्या दिवशी आणि दर दोन आठवड्यांनी बोटं किती वाकतात, पकड किती आहे, हे मोजून लिहायला सांगा. कुणी मोजतच नसेल, तर तुम्हाला फक्त शेक मिळतो आहे.

५. तुम्ही नेमकं काय काम करता ते त्यांना सांगा. जमलं तर मशीनचा मोबाइलवर व्हिडिओ दाखवा, नाहीतर घरातल्या वस्तू घेऊन हालचाल करून दाखवा.

६. ‘फिट’च्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो वाचून घ्या. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत मागा.

७. हात सुजून लालसर, गरम राहत असेल, नुसता कपडा लागला तरी आग होत असेल, बोटं दिवसेंदिवस आखडत असतील, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका. लगेच दाखवा.

आणि एक काम सगळ्यांसाठी. ग्रामसभेत, युनियनच्या बैठकीत, आमदारांच्या जनता दरबारात आपण रस्ता मागतो, पाणी मागतो, रुग्णवाहिका मागतो. पुढच्या वेळी हाही प्रश्न विचारा: ‘आपल्या तालुक्यातले किती माणसं गेल्या वर्षी कामावर जखमी झाली, आणि त्यांतली किती परत कामावर गेली?’ पहिल्यांदा कुणाकडेच उत्तर नसेल. तेच इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.